आषाढातला सेल आणि बहिणीचा गेम

ताई, नमस्कार.

मी २९ वर्षांचा आहे, मुलुंडला राहतो, बीकेसीत नोकरी करतो. कॉलेजपासून कॉम्प्युटरवर गेम खेळतो. स्टीमवर, म्हणजे गेमच्या ऑनलाइन दुकानावर, माझ्याकडे ३१२ गेम आहेत, जवळपास सगळे सेलमध्ये घेतलेले. दोन वर्षांपूर्वी एकदाच एक मोठा गेम आला त्याच दिवशी ३,९९९ रुपयांना घेतला आणि चार महिन्यांत तोच निम्म्या किमतीत दिसला. तेव्हापासून ठरवलं, फुल प्राइस कधीही द्यायची नाही.

माझी धाकटी बहीण आणि तिचे दोन मित्र तीन वर्षं गोरेगावच्या एका खोलीत बसून गेम बनवतायत. चाळीतल्या नळावरच्या रांगेवर आहे, कोडी सोडवायचा, सहा-सात तासांचा. पुढच्या महिन्यात तो स्टीमवर येतोय. किंमत ६५० रुपये. मी म्हटलं, २९९ ठेव, नाहीतर कुणी घेणार नाही. तिने ऐकलं नाही. मग आमच्या भावंडांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी गेमबद्दल विचारलं, तेव्हा मी सहज लिहिलं, "आत्ता घाई करू नका, डिसेंबरच्या सेलमध्ये दीडशेला मिळेल." बहीणही त्या ग्रुपवर आहे. तिने ते वाचलं, ग्रुप सोडला आणि अकरा दिवस झाले, माझ्याशी बोललेली नाही. आई मध्ये पडून थकली.

मी खोटं काय बोललो? सेल तर लागतातच. सारखे सेल लागून गेमला किंमतच राहिली नाही, हा काय माझा दोष आहे?

— सेलची वाट पाहणारा, मुलुंड

*

माझ्या मुलापेक्षा तू दोनच वर्षांनी मोठा आहेस, म्हणून सरळ 'तू' म्हणते.

खोटं तू काहीच बोलला नाहीस. डिसेंबरात स्टीमचा विंटर सेल लागतो, जूनच्या शेवटी समर सेल लागतो, शरदाचा असतो, २०२३ पासून वसंताचाही असतो, आणि या चौघांच्या मध्ये लहानसहान चालूच असतात. हे तुला जसं ठाऊक आहे तसं तुझ्या बहिणीलाही ठाऊक आहे. तिला लागलं ते वेगळंच. ते सांगण्याआधी मला माझ्या वडिलांचं दुकान सांगावं लागेल. दुकान म्हणजे त्यांचं नव्हे, ते तिथे काउंटरला होते. दादरला, साड्यांचं.

मालकांनी एका वर्षी आषाढात सेल लावला. पावसात गिऱ्हाईक फिरकत नाही, लग्नसराई संपलेली असते, माल पडून राहतो, म्हणून. पहिल्या वर्षी फुटपाथपर्यंत रांग गेली. मालकांनी पेढे वाटले. दुसऱ्या वर्षीही तेच. तिसऱ्या वर्षी ज्येष्ठातच दुकान ओस पडलं. बायका यायच्या, पदर उलगडून बघायच्या, पोत चोळून बघायच्या आणि "सेल कधी हो?" असं विचारून पायऱ्या उतरायच्या. मग मालकांनी दिवाळीनंतर आणखी एक सेल लावला, की ज्येष्ठातली तूट भरून निघावी. त्याने कार्तिकही गेला. पुढे पुढे तर सेल लागायच्या आधी किमती चढवायचा उद्योग सुरू झाला. ती लेबलं वडील घरी आणायचे. जुनी ओल्या फडक्याने सोडवायची आणि नवी चिकटवायची हे काम माझ्याकडे होतं. नववीत होते मी. त्यात काही वावगं आहे असं तेव्हा वाटलं नाही, खोटं कशाला सांगू.

वडिलांना मात्र एकच बाई आठवत राहिली. मुलीच्या डोहाळजेवणासाठी तिने ज्येष्ठात हिरवी साडी घेतली होती, घासाघीस न करता. आषाढात तीच साडी शोकेसमध्ये निम्म्या भावात लागली. बाई दुकानात आली, काही बोलली नाही, शोकेससमोर जरा वेळ उभी राहिली आणि गेली. परत कधी आली नाही. वडील म्हणायचे, भांडली असती तर बरं झालं असतं.

तुझा ३,९९९ चा गेम म्हणजे ती हिरवी साडी. तुला राग आला तो रास्त आहे. आणि तुझ्यासारखाच विचार एका गेम बनवणाऱ्यानेही केला होता. जेसन रोहरर नावाचे एक अमेरिकन गृहस्थ एकट्याने गेम बनवतात. २०१४ च्या जानेवारीत त्यांनी जाहीर लेख लिहून मांडलं, की सततचे सेल खेळणाऱ्याच्याच मुळावर येतात. गेम आला त्याच दिवशी कोण घेतो? ज्याचा तुमच्यावर सगळ्यात जास्त जीव आहे तो. सेलच्या या पद्धतीत नेमका त्यालाच सगळ्यात जास्त भुर्दंड बसतो, आणि जो कुंपणावर बसून राहिला त्याला बक्षीस मिळतं. रोहररनी स्वतःच्या गेमची शिडी उलटी लावली. 'द कॅसल डॉक्ट्रिन' तयार होत असताना ८ डॉलर, बाजारात आल्यावर पहिला आठवडा १२ आणि नंतर १६. आधी येणाऱ्याला स्वस्त, उशिरा येणाऱ्याला महाग. आपल्याकडे इमारतीचा पाया खणत असताना फ्लॅट बुक करणाऱ्याला कमी भाव लागतो, तसंच. (आपल्याकडे ती इमारत कधीकधी पायातच राहते, ते सोडून दे.)

आता तुझी बाजूही मांडते, कारण ती दुबळी नाही. स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीचे प्रमुख गेब न्यूएल यांनी २००९ साली एका परिषदेत आकडे सांगितले होते. किंमत १० टक्के उतरवली तर विक्रीचा पैसा ३५ टक्के वाढला. ७५ टक्के उतरवली तर १,४७० टक्के. नीट वाच, हे नग नव्हेत, पैसा आहे. साडीच्या दुकानात असं होऊच शकत नाही, कारण साडी विणायला रेशीम लागतं, मजुरी लागते, आणि खरेदीच्या खाली विकली की खिशातून जातं. गेमची पुढची प्रत काढायला जवळपास काहीच लागत नाही. त्यामुळे जो ६५० देणार नाही पण १६० देईल, त्याचे १६० सोडून देण्यात शहाणपण नाही. आणि आपल्या मुंबईत तर तू जन्मल्यानंतरची कितीतरी वर्षं गेम म्हणजे लॅमिंग्टन रोडच्या फुटपाथवरची प्लास्टिकच्या पिशवीतली सीडी होती. माझ्या मुलानेही तिथूनच आणल्या. त्याच पिढीला पैसे मोजून गेम घ्यायची सवय लागली त्यात या सेलचा वाटा मोठा आहे. २०१२ साली ईए कंपनीच्या ओरिजिन या ऑनलाइन दुकानाच्या प्रमुखांनी स्टीमवर टीका केली होती, की ७५ टक्के सूट देऊन तुम्ही कलाकृतीलाच स्वस्त करता. पुढे त्यांच्या दुकानातही सेल लागायचे ते लागलेच.

तेव्हा सेल वाईट, असं मी म्हणणार नाही. हापूस घे. मार्चमध्ये हंगामाच्या सुरुवातीची पेटी येते तेव्हा तिच्याकडे लांबून बघायचं असतं. मेच्या शेवटी तोच आंबा डझनावारी घरी येतो. म्हणून हापूसची किंमत गेली असं कुणी म्हणतं का? मार्चवाल्याने पहिलेपणाचे पैसे दिले, मेवाल्याने फक्त आंब्याचे. दोघांनाही आपण काय घेतलं ते माहीत आहे. मार्चवाला मेमध्ये कुठल्या शोकेससमोर उभा राहत नाही.

गेमचंही तसं होऊ शकतं. गेम नासत नाही हे खरं, पण त्याच्याभोवतीचं काहीतरी शिळं होतं. पहिल्या आठवड्यात सगळे एकाच कोड्यावर अडलेले असतात, शेवट अजून कुणी फोडलेला नसतो, ऑनलाइन खेळायचा गेम असेल तर समोर माणसं असतात. ६५० मध्ये तेही येतं. वर्षभराने ते गेलेलं असतं, मग किंमत उतरली तर त्यात फसवणूक नाही. घोटाळा होतो तो उतरण चौथ्या महिन्यातच आली, पुन्हा सहाव्यात आली, आठव्यात आली की. मग पहिल्या किमतीवर कुणाचाच विश्वास राहत नाही. ती नुसती खोडायला लिहिलेली किंमत होते. आमच्या दुकानातल्या लेबलासारखी.

स्टीमवर ते लेबल बदलणं तेवढं सोपं नाही, हे मात्र सांगायला हवं. किंमत वाढवली तर पुढचे ३० दिवस सूट देता येत नाही, आणि हंगामी मोठे सेल वगळता एका सवलतीनंतर दुसरी देण्याआधीही ३० दिवस थांबावं लागतं. माझ्या वडिलांच्या मालकांना असं कुणी बांधून ठेवलं असतं तर माझी नखं वाचली असती.

आता तुझ्या ३१२ कडे येते. त्यातले खेळलास किती, हे तू लिहिलेलं नाहीस, आणि मला वाटतं मुद्दामच लिहिलेलं नाहीस. रिचर्ड थेलर नावाचे अर्थतज्ज्ञ आहेत, २०१७ चं नोबेल मिळालेले. त्यांचं म्हणणं असं, की खरेदीत आपल्याला दोन सुखं मिळतात. एक वस्तूचं आणि दुसरं सौद्याचं. दोन्ही वेगळी मोजायची. १,२०० चा गेम २४० ला पडला की दुसरं सुख तिथल्या तिथे, पैसे भरताक्षणी मिळून जातं. पहिल्यासाठी बसून खेळावं लागतं, आणि त्याला रविवार लागतो. तू सौदे जमवलेस, चांगले जमवलेस. गेम घ्यायचे राहून गेले.

यात तुझा आळस नाही. १९८५ साली आर्क्स आणि ब्लूमर या दोघांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. ओहायोतल्या एका विद्यापीठाच्या नाट्यगृहात हंगामाची तिकिटं घ्यायला आलेल्या ६० जणांपैकी काहींना पूर्ण किमतीत म्हणजे १५ डॉलरला तिकीट दिलं, काहींना १३ ला आणि काहींना ८ ला. कुणाला काय मिळेल हे नुसतं नशीब. नाटकं तीच, खुर्च्या त्याच. हंगामाच्या पहिल्या अर्ध्यात पूर्ण पैसे भरलेले लोक सूटवाल्यांपेक्षा जास्त नाटकांना आले. शिवाजी मंदिरला ज्याने कधी पास वाटलेत त्याला हे विद्यापीठाने सांगायला नको. पाऊस आला की आधी पासवाल्यांच्या खुर्च्या रिकाम्या दिसतात.

गेमच्या बाबतीत हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण गेम नाटकासारखा आपोआप पुढे सरकत नाही. खेळणाऱ्याने धीर धरावा लागतो. काही गेम पहिला तासभर नुसते बटणं शिकवतात, आणि मग कधीतरी उघडतात. मी स्वतः दर रविवारी दुपारी 'स्टारड्यू व्हॅली' खेळते, मुलाने लावून दिलेला. (हसू नकोस, माझं तिथलं शेत इथल्या गॅलरीतल्या कुंड्यांपेक्षा बरं आहे.) एका माणसाने, एरिक बॅरोनने, एकट्याने बनवलेला गेम आहे, २०१६ चा. पहिल्या दिवशी मला त्यात काहीच कळलं नाही, दगड फोडत बसले. ९० रुपयांत पडलेल्या गेमला आपण पंधरा मिनिटं देतो, आवडला नाही तर पुढचा, लायब्ररीत आणखी तीनशे आहेतच. पैसे मोजून घेतलेल्याला दुसरी संध्याकाळ देतो. 'सारखे सेल लागून गेमला किंमतच राहिली नाही' असं तू लिहिलंस. आपल्याकडे 'किंमत' दोन अर्थी चालते. दुकानात ती लेबलावर असते आणि घरात माणसाच्या वागण्यात. पहिली उतरवणं दुकानदाराच्या हातात आहे. दुसरी तुझ्या त्या पंधरा मिनिटांत उतरते.

आणि इथेच मला तुझा मेसेज दिसतो. अजून न आलेल्या गेमची पहिली किंमत तू घरातल्या घरात खोडलीस. बाहेरच्या कुणी खोडली असती तर तिला चाललं असतं, ती त्या धंद्यातच आहे. पण जी भावंडं पहिल्या आठवड्यात आपणहून घेतील, अशी तिने मनात मोजून ठेवलेली दहा-पंधरा नावं असतील, तीच तू डिसेंबरात ढकललीस.

ती दहा-पंधरा नावं क्षुल्लक वाटतात ना? हिशोब कर. ६५० मधून स्टीम ३० टक्के घेतं. कर बाजूला ठेवला तरी ४५५ उरतात, तिघांत दीडशेच्या आसपास. तुझ्या दीडशेच्या भावात उरतात १०५, म्हणजे माणशी ३५. एका पूर्ण किमतीच्या गिऱ्हाइकाची भरपाई करायला सेलमधली चार-साडेचार गिऱ्हाइकं लागतात. पैशाचं तरी पुढे होऊन जाईल. पण स्टीमवर रिव्ह्यू दहा झाल्याशिवाय गेमच्या नावासमोर 'पॉझिटिव्ह' वगैरे शिक्काच येत नाही, आणि गेम उघडायचे फुकट वाटलेले कोड वापरून लिहिलेले रिव्ह्यू त्या शिक्क्यात धरत नाहीत. स्टीमवर पैसे भरून घेतलेल्यांचेच धरतात. नव्या, अनोळखी गेमची सगळी मारामारी त्या पहिल्या दहांसाठी असते. ते दहा ज्येष्ठातलं गिऱ्हाईक असतात रे, आषाढातलं नव्हे.

यावरून तू आता लगेच स्वतः रिव्ह्यू लिहायला बसू नकोस. गेम बनवणाऱ्यांच्या घरच्यांनी तिथे कौतुक लिहिणं बरं दिसत नाही आणि पकडलं गेलं तर स्टीमलाही चालत नाही. भावंडांनाही शिकवून पाठवू नकोस.

तुझ्या २९९ च्या सल्ल्याचं बघू. बहिणीने ऐकलं नाही ते बरं केलं, असं मला वाटतं. पहिली किंमत हे छत असतं. त्याच्या खाली कितीही उतरता येतं, वर चढताना लोक जाब विचारतात. फॅक्टोरिओ नावाचा एक गेम आहे, तुला माहीत असेलच. तो कधीच सेलला लागत नाही. आधी २० डॉलर होता, २०१८ मध्ये ३० केला, २०२३ च्या जानेवारीत महागाई वाढली म्हणून ३५. लोक चिडले, पण घेत राहिले, कारण त्यांना ठाऊक होतं की थांबून काही मिळायचं नाही. उलट अमेरिकेतल्या जेसी पेनी या कपड्यांच्या दुकानांची गोष्ट बघ. अ‍ॅपलच्या दुकानांचा कारभार गाजवलेले रॉन जॉन्सन तिथे प्रमुख झाले आणि २०१२ मध्ये त्यांनी सेल, कुपनं सगळं बंद करून रोज एकच सरळ किंमत ठेवली. प्रामाणिक कल्पना होती. वर्षभरात विक्री जवळपास चौथाईने घटली आणि २०१३ च्या एप्रिलमध्ये त्यांना जावं लागलं. गिऱ्हाइकाला एकदा सेलची सवय लावली की मालकाला वाटलं म्हणून ती सुटत नाही. फॅक्टोरिओवाल्यांनी ती लावलीच नव्हती.

तुझी बहीण अजून त्या उंबरठ्यावर आहे. तरी तिने फॅक्टोरिओ व्हावं असं मी म्हणणार नाही. तो हजार तास खेळायचा गेम आहे, हिचा सहा तासांचा आहे, आणि हिला अजून कुणी ओळखत नाही. अनोळखी गेमला सेल हीच जाहिरात असते. २० टक्के किंवा त्याहून जास्त सूट दिली की ज्यांनी गेम विशलिस्टमध्ये टाकलाय त्यांना स्टीम आपणहून ईमेल पाठवतं. एवढं गिऱ्हाईक फुकटात बोलावून आणणारा दुसरा कोण आहे? म्हणून सेल लावावाच, पण हापूसच्या चालीने. पहिल्या आठवड्यात दहा टक्के, ती भवानी. दुकानदार दिवसाच्या पहिल्या गिऱ्हाइकाला थोडं कमी करतो ना, तेवढंच. त्याला कुणी भाव पाडणं म्हणत नाही. नंतर काही महिने काहीच नको. मग २०, पुढच्या हंगामाला २५, वर्ष उलटल्यावर ३३, तेही दर सेलला नाही. ७५ चा आकडा दोन-तीन वर्षं तोंडातही आणू नये. आणि आपला बेत ज्यांना घ्यायचाय त्यांना आधीच सांगून टाकावा, की या वर्षी यापेक्षा खाली येणार नाही. माझ्या वडिलांची ती बाई एवढ्यावर टिकली असती.

६५० जास्त आहेत का, हा प्रश्न मात्र तू सोडून कुणीतरी तिला विचारायला हवा. सहा तासांच्या कोड्यांच्या गेमला ते जास्त असूही शकतात. तिने त्याच जातीचे आठ-दहा गेम बघावेत, आपल्या रुपयांत कितीला आहेत ते. डॉलरची किंमत नुसती रुपयांत गुणून ठेवली तर भारतात फसगत होते, म्हणून स्टीम देशागणिक वेगळी किंमत सुचवतं, २०२२ मध्ये त्या सूचना नव्याने काढल्या होत्या. पण हे बोलायचा हक्क तू अकरा दिवसांपूर्वी घालवलास. तो परत मिळेपर्यंत गप्प बस.

मिळवायचा कसा, ते सांगते. ग्रुपवर माफी मागू नकोस. ती तिथे नाहीच, आणि भावंडांसमोर तमाशा होईल. रविवारी गोरेगावला जा. फोन न करता जा, फोन ती उचलणार नाही. "मी खोटं काय बोललो" हे वाक्य लोकलमध्येच ठेवून उतर. तिला म्हण, मला तुझा गेम खेळून दाखव. दाखव म्हणजे मला खेळू दे आणि तू बाजूला बस. गेम बनवणाऱ्याला दुसरा माणूस कुठे अडतो हे बघायचं असतं, त्यापुढे कौतुक फिकं. तू अडशील. तिथे तोंडातून जे निघेल ते निघू दे, तिला त्याचा उपयोग आहे. तू ३१२ गेम बाळगणारा माणूस आहेस, तुझी नजर तयार आहे, ती तिला फुकटात मिळत असताना तू तिला २९९ चा सल्ला देत बसलास, हे मला खरं सांगू तर सगळ्यात जास्त खटकलं.

भावंडांना एक मेसेज टाक, छोटा. "डिसेंबरचं मी उगाच लिहिलं. मी पहिल्याच दिवशी घेतोय." बस. घ्या म्हणून मागे लागू नकोस. कुणी कुरकुरलं तर एवढं सांग, की दोन तासांहून कमी खेळला आणि चौदा दिवसांच्या आत मागितले तर स्टीम पैसे परत देतं. ६५० बुडतील अशी भीती कुणाला वाटायला नको.

आणि मोठ्या कंपन्यांचे चार-चार हजारांचे गेम तू सेलमध्ये घेत राहा, खुशाल. ते किंमत ठरवतानाच तुझं थांबणं हिशोबात धरतात. एक सवय तेवढी बदल. सेल लागला की पहिल्या रात्री जागून खरेदी करायची. २०१५ पर्यंत स्टीमवर काही तासांपुरत्या सवलती यायच्या, तेव्हा ती धावपळ समजण्यासारखी होती. मोठ्या हंगामी सेलमध्ये आता ती राहिली नाही, सूट सहसा पहिल्या दिवशी असते तीच शेवटपर्यंत असते. तेव्हा शेवटच्या दिवशी घे, आणि मधल्या दिवसांत आधी घेतलेला एखादा उघड. दोन संध्याकाळी दे त्याला. मग वाटलं तर नवा घे.

तुझ्या पत्रात बहिणीच्या गेमचं नाव लिहायचं राहून गेलंय. तेवढं कळव. गिरगावात आमच्या चाळीला एकच नळ होता आणि पाणी पहाटे साडेचारला यायचं, तेव्हा ती रांग मला सुटते का ते बघायचंय. दहा टक्के सवलतीसकट मी पहिल्या आठवड्यात घेईन. भवानीला नाही म्हणायचं नसतं.